तिची हवा

"तुम्ही भरता की मी भरू?" टंकलेखक बाईंनी पायपंप टेबलावर आपटला, तेव्हा आवक-जावक कारकुनाचं फक्त डोकं टेबलाच्या वर उरलं होतं.

"हात लावायचा नाही!" डोकं म्हणालं.

या कारकुनाला ऑफिसात सगळे स्वल्पविराम म्हणत. पंचवीस वर्षं पोक काढून नोंदी करता करता पाठीला तसा आकारच आला होता. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला जाताना बायकोनं त्याला व्यायामाचा निळा चेंडू आणून दिला. "तीन महिने मी नाही. खुर्ची सोडा, यावर ताठ बसा." निघायच्या सकाळी तो अंघोळ करून बाहेर आला, तर चेंडू टम्म फुगलेला आणि शेजारी ती लालबुंद होऊन धापा टाकत बसलेली. एवढं धूड बिचारीनं तोंडानं फुगवलं! त्याला भरून आलं. पण बोलला काय, तर "तिकीट घेतलंस ना?"

ती गेली आणि घर खायला उठलं. तो चेंडू ऑफिसात घेऊन गेला आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन त्यावर बसू लागला. तिच्या श्वासावर बसायचं म्हणजे आधी जरा संकोच वाटला, मग बरं वाटू लागलं. पाठही सरळ झाली.

सातव्या आठवड्यात एक टाचणी नडली. त्यानं चिकटपट्टी लावली, वर दुसरी लावली, तरी चेंडू रोज बोटभर बसायचा आणि त्याच्याबरोबर तोही. खिडकीवर आलेली माणसं त्याच्या टकलाला पत्रं देऊन जात. शेवटी साहेब आले.

"उद्यापर्यंत हवा भरा, नाहीतर खुर्ची घ्या. लेखी देऊ?"

"द्या साहेब. नोंद मलाच करायचीय."

मधल्या सुट्टीत त्यानं बायकोला फोन लावला. "अगं, तुझी हवा चाललीय."

"माझी?"

"तू चेंडूत फुंकलेली."

"मी कशाला फुंकू? सायकलवाल्याकडून भरून आणली. नंतर चेंडू घेऊन तीन जिने चढले, जीव गेला माझा!"

म्हणजे इतके दिवस त्यानं सायकलवाल्याची हवा जिवापाड जपली होती. त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"अहो, मग भरून घ्या ना."

"तुझी वाटली म्हणून जपली गं. करमत नाही मला."

पलीकडे रडणाऱ्या नातीला तिनं थोपटलं.

"काढून टाका ती," बायको हळूच म्हणाली. "भोक तेवढं बुजवून ठेवा. आले की मी फुंकते. तोंडानं."

त्यानं चेंडूचं बूच उपटलं. फुस्स झालं आणि डोकंही दिसेनासं झालं.

"कारकून कुठे गेला?" साहेब ओरडले.

टेबलाखालून आवाज आला, "इथंच आहे साहेब. वाट बघतोय."