दिनूदादांचा बाळू

हमरापूरला दिनूदादांच्या गणपतीच्या कारखान्यात शिरायचं तर आधी स्वतःला हुंगवून घ्यावं लागतं. दारात बाळू उभा असतो. मॅस्टिफ जातीचा, वासराएवढा कुत्रा. दादा आतून, हातातला ब्रश न थांबवता सांगतात, "हलू नका. त्याचं होऊ द्या." मूर्ती ठरवायला आलेली माणसं हात छातीशी धरून उभी राहतात आणि बाळू एकेकाची सावकाश चौकशी करतो.

"भुंकत कसा नाही हो हा?" कुणीतरी विचारतंच.

"गरज नाय त्याला. ही जात नुसती वाटेत उभी राहते. जाऊन बघा पुढं."

कुणी जात नाही.

मी शेजारी राहतो. दादा एकटेच. स्वतः भाताबरोबर जे असेल ते खातात. बाळूचं जेवण मात्र दोन वेळा, मापून, आणि वर सक्तीची विश्रांती. "रुंद छातीचा कुत्रा जेवून धावला की पोट फिरतं त्याचं," असं ते रिक्षावाल्यांनासुद्धा समजावतात. उन्हाळ्यात त्याला ओलं गोणपाट, कोपरांना घट्टे पडू नयेत म्हणून जाड गादी, तोंडाच्या घड्या पुसायला मऊ मलमल. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "घड्या त्याला हायत. तुम्हाला काय कळणार?"

यंदा गणपती आठवड्यावर आले असताना दादांनी भरदुपारी मला हाक मारली. बाळू कोरडे उमासे काढत होता, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. पेणच्या डॉक्टरांनी फोनवरच पनवेलला न्यायला सांगितलं होतं.

"गाडी काढा."

आत मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या. डोळे फक्त दादाच आखतात. दारातलं गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, आमचा बाप्पा?"

"उद्या," म्हणत दादा रंगल्या हातांनीच गाडीत बसले. बाळूचं डोकं त्यांच्या मांडीवर.

पनवेलला बाळूला लगेच आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. बराच वेळ गेल्यावर दादा म्हणाले, "तुम्ही काहीतरी बोलत बसा. कायपण चालेल."

मग मी हायवेचे खड्डे, आमची गळकी टाकी, मुलीची परीक्षा, सुचेल ते बोलत राहिलो. दादा मान हलवत होते. ऐकत होते की नाही, कोण जाणे.

डॉक्टर बाहेर आले. "पोट सरळ केलंय. वाचेल तो."

दादांनी हात जोडले. पण उठले नाहीत. बोटांवरचा सुकलेला रंग नखानं खरवडत राहिले.

"बायको गेली तेव्हा दवाखान्यात मी एकटाच बसलो होतो," ते म्हणाले. "बोलायला कुणी नव्हतं."