बियरबुवांचा जाळ

लग्नाला गेलं की माणसं नवरदेव बघतात. आमचे शेजारी गणपतकाका जाळ बघायचे. मांडवात शिरल्यावर कोणाला राम राम न करता ते थेट मागे, आचाऱ्याच्या चुलींपाशी जात. धोतर आवरून खाली बसत, जमिनीला गाल लावत आणि हंड्याखाली डोकावत. मग उठून, गालाची माती न झटकता निकाल सांगत. जाळ एकाच अंगाला लागला असेल तर "वरणाचं काही खरं नाही," आणि सगळीकडून सारखा असेल तर "लगन टिकते." एकदा मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन आचारी बदलायला सांगितलं होतं.

कारंज्यात त्यांना सगळे बियरबुवा म्हणत. बियर पाहिलेली माणसं तेव्हा आमच्या गावात फारशी नव्हती, आणि ती बनवणारे हे एकटेच.

काका तरुणपणी मूर्तिजापूरला रेल्वेच्या कामावर म्हणून गेले आणि तिथून एका टोळीबरोबर उत्तरेकडे निघाले. शेवटी कुठल्याशा थंड पहाडावरच्या बियरच्या कारखान्यात लागले. तिथे तांब्याच्या मोठाल्या हंड्यांखाली लाकडं जळत आणि तो जाळ सांभाळायला माणसं ठेवलेली असत. काका त्यांतले एक. बारा-चौदा वर्षं त्यांनी तेच केलं. मग कारखान्यात वाफेचे नळ आले. चावी फिरवली की हंडा तापायचा. जाळवाल्यांना मालकानं घरी पाठवून दिलं.

घर म्हणजे सखूकाकू. लग्नाला दोन पावसाळे झाले नाहीत तोच नवरा गेलेला. मधल्या काळात त्यांनी लोकांच्या वावरात कापूस वेचला, पडकी भिंत स्वतः लिंपली. मी शाळेत होतो तेव्हा माझी आई कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात कामाला जायची, आणि मधल्या सुट्टीत मला भाकर मिळायची ती सखूकाकूंच्या चुलीवरची. मी पुढे बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला, तर त्यात त्या भाकरींचा वाटा मी आजही मोठा धरतो.

काका परत आले तेव्हा काकू त्यांना घरातून काढून द्यायच्या नाहीत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. काढून दिलंही नाही. ताट वाढलं, अंथरूण घातलं. फक्त बोलणं बंद. काही सांगायचंच असलं तर त्या अंगणातल्या बकरीला सांगत. "बाई, पीठ सरलं. कोणी गिरणीत जाईन त बरं होईन." काका उठून मुकाट्यानं डबा घेत. त्यांनाही उत्तर बकरीलाच द्यावं लागे. ती बिचारी दोघांकडे आळीपाळीनं बघत राही.

असं दीड-दोन वर्षं चाललं, असं आई सांगे. मी तेव्हा कॉलेजात होतो. मग एका उन्हाळ्यात काकांनी तांबटाकडून जुना हंडा आणला, अंगणात चुलवण खोदलं आणि बियर करायला घेतली. बसल्या बसल्या हातांना चैन पडत नव्हतं, एवढंच त्यामागचं कारण असावं. जव मिळेना म्हणून ज्वारी भिजवली, तरटावर पसरून मोड आणले, वाळवली, भरडली. पहाडावर एक कडू फूल टाकत, त्याच्या जागी काडेचिराईत टाकलं. पण पहाडावर होती देवदाराची लाकडं आणि इथे होत्या पऱ्हाट्या. कपाशीच्या वाळक्या काड्या त्या, भडकल्या की आवरत नाहीत. भरडा तळाला लागला. करपल्याचा वास सगळ्या गल्लीत गेला. काकूंना तो सहन झाला नाही. त्या बाहेर आल्या, चुलवणातल्या पऱ्हाट्या ओढून काढल्या आणि बकरीकडे न बघता म्हणाल्या, "मांगं घ्या लाकडं. दिसून नाही राह्यलं का, तळ जळते तं."

त्या दिवसापासून काका बियरबुवा झाले.

मी शाळेत मास्तर होऊन परत आलो तेव्हा दर आठ-पंधरा दिवसांनी त्यांचं चुलवण पेटत असे. ती बियर कोणी पीत नव्हतं. काळी, कडू, वर करपट. अबकारीचा दरोगा एकदा तपासायला आला, त्यानं एक घोट घेतला आणि बराच वेळ आमच्या घराच्या भिंतीकडे बघत राहिला. ही दारू नसून औषध आहे, असा त्यानं शेरा दिला. कशावरचं ते मात्र त्याला सांगता आलं नाही. काका खूश झाले. त्यांचं म्हणणं एकच असायचं, "खालून जाळ पाहिजे." माझ्या वर्गातल्या पोरांना, सुस्त तलाठ्याला, थंडीनं गारठलेल्या बकरीला, सगळ्यांना त्यांच्या मते तोच उपाय होता. वाफेचं नाव काढलं की मात्र चिडत. वाफेनं त्यांची नोकरी खाल्ली म्हणून तो राग आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग अकोल्याहून एक ठेकेदार आला. साहेब लोकांच्या क्लबाला तो माल पुरवायचा, आणि पहाडावर काम केलेला माणूस इथे आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. बियर चाखून त्यानं तोंड वाकडं केलं, पण हात चांगला आहे म्हणाला. दोष जाळाचा. जिनाचा बॉयलर उन्हाळ्यात थंडच पडलेला असतो, तो पेटवून त्याची वाफ नळानं हंड्याला द्यायची. करपणार नाही, ढवळायला माणूस लागणार नाही. काकांनी जिनात बसून फक्त चावी फिरवायची. पगार, वर राहायला खोली.

काकांनी नाही म्हटलं. ठेकेदार जाताना मला सांगून गेला, मास्तर, समजवा यांना, मी उद्या दुपारपर्यंत गावात आहे.

मला काकूंचे बोंडांनी ओरखडलेले हात आठवले. या वयातही त्या कापूस वेचायला जात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेलो. चुलवण पेटलेलं होतं, काका लांब दांड्याच्या चाटूनं ढवळत होते. मी सगळं सांगितलं. वाफेत कमीपणा नाही, शास्त्र पुढे गेलंय, काकूंना सुख लागेल. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मास्तर, वाफेचं काम लय चांगलं असते. चावी फिरवली का झालं. कोणाले यावंच लागत नाही."

मला ते कळलं नाही. मी पुन्हा पगाराचं काढलं. काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचं लक्ष घराच्या दाराकडे होतं. आत काकू धान्य पाखडत होत्या, सुपाचा आवाज येत होता. जाळ अगदी बेताचा, चारी अंगांनी सारखा लागलेला होता. लग्नात असता तर काकांनी त्याला शाबासकी दिली असती. त्यांनी चाटू थांबवला, बाजूचा पऱ्हाट्यांचा एक भारा उचलला आणि अख्खाच्या अख्खा हळूच आत सारला.

जाळ हंड्याच्या काठापर्यंत चढला. थोड्या वेळानं करपट वास सुटला. आत सूप थांबलं.

काकू बाहेर आल्या, खाली बसून त्यांनी अर्ध्याअधिक काड्या ओढून काढल्या, मातीत विझवल्या. बियर कशी करावी, बारा गावचं पाणी प्यालेल्या माणसाला एवढंही कसं कळत नाही, हंडा किती घासावा लागतो, यावर बराच वेळ बोलत राहिल्या. काका मान खाली घालून ऐकत होते. एवढा आनंदी माणूस मी कोणत्या लग्नातही पाहिला नाही.

मग काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि चुलवणापाशी बसकण मारली. संपत आलेल्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "पऱ्हाट्या सरल्यावर काय करसान?"

"अजून आनतो," काका म्हणाले.

"ओल्या नोका आनू," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातला चाटू घेऊन ढवळायला लागल्या.

मी ठेकेदाराला निरोप द्यायला निघालो.