कोनशिलेवरची त्रेचाळीस नावं

कोणाचाही सन्मान करणं सोपं असतं. तो करताना बाकीच्यांना रुसू न देणं, हे खरं राष्ट्रकार्य होय. देवपुरातल्या आमच्या पांझराकाठ कॉलनी रहिवासी मंडळानं हे कार्य १९८८ साली पार पाडलं. मी तेव्हा नामकरण उपसमितीचा सचिव होतो, त्यामुळे सांगतो ते सगळं दप्तरी नोंद असलेलं आहे.

कॉलनीच्या मधोमध एक मोकळा भूखंड होता. तिथे कचरा टाकणं आणि तो दुसऱ्यानं टाकला म्हणून भांडणं, असा त्याचा दुहेरी उपयोग होत असे. एकाहत्तरच्या लढाईत पायात गोळी घेऊन आलेले फौजी आबा कॉलनीत राहायला आले, आणि त्यांनी कोणाचीही परवानगी न घेता (ही बाब मंडळानं उदार मनानं माफ केली) त्या जागेवर अकरा कडुलिंब लावले. लंगडत लंगडत पाणी घालून जगवले. आबा गेले, मुलगा फौजेत भरती झाला, आणि पाण्याची बादली आबांच्या बायकोच्या, भिकुबाईंच्या हातात आली. झाडं आयती मोठी झाल्यावर मंडळानं चार बाक टाकले आणि आपण बाग तयार केल्याचं जाहीर केलं.

बागेला फौजी आबांच्या कुटुंबाचं नाव द्यायचं, हा ठराव एकमतानं झाला. ('कुटुंब' हा शब्द मुद्दाम. एकट्याचा मान केला की बाकीचे विचारतात, आम्ही काय घोडं मारलंय? कुटुंब म्हटलं की कोणी बोलत नाही. ते ज्याला त्याला असतंच.)

अडचण आली ती कलम सातची. मागे एका रस्त्याला नाव देताना आडनाव चुकलं होतं, आणि त्यापायी दोन घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तेव्हापासूनचा नियम असा की, पूर्ण नाव कुटुंबप्रमुखानं समितीसमोर स्वतःच्या तोंडानं सांगावं. आता प्रमुख भिकुबाई. त्या डोक्यावरचा पदर सावरून उभ्या राहिल्या.

"अक्का, आबांचं पूर्ण नाव सांगा," मी म्हटलं.

"अरे भाऊ, मी तेस्नं नाव कशी लेऊ?"

बरोबरच होतं. आमच्याकडे त्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. चाळीस वर्षांच्या संसारात ते नाव त्यांच्या ओठांवर एकदाही आलेलं नव्हतं. "तुम्ही दगडवर कोरी ल्या," त्या म्हणाल्या, "मंग लोके वाचतीन, मी ऐकसू." लोकांनी वाचावं आणि आपण कान भरून ऐकावं, एवढंच त्यांचं मागणं.

मी रकान्यात 'निरंक' असं लिहिलं. (आबांच्या ओट्यावर मी बारा वर्षं चहा प्यालो. नाव मलाही ठाऊक नव्हतं, पण हे कारण दप्तरात बसत नाही.) मुलाला सीमेवर पत्र टाकलं. उत्तराची वाट पाहता आली असती. पण उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची तारीख मिळाली होती, आणि तारीख काय रोज मिळते?

मग कोनशिला. अध्यक्ष रतिलालशेठ म्हणाले, "दगड म्हणजे लग्नपत्रिका समजा. एक नाव राहिलं की जन्माचं वैर!" त्यानुसार अध्यक्ष, चार उपाध्यक्ष (एक केला असता तर तिघं रुसले असते), झाडून सारे सभासद, मंडपवाला मगन, माइकवाला, कमानीसाठी सावद्याहून केळीचे खांब आणणारे गृहस्थ आणि अध्यक्षांचे पारोळ्याचे व्याही (ते नुसता दगड बघायला आले होते, पण व्याह्यांना कोरडं कसं पाठवणार?) अशी एकूण त्रेचाळीस नावं कोरली गेली. अक्षरं जिऱ्याएवढी झाली. तळाला उरलेल्या जागेत 'फौजी कुटुंबास सादर' हे कसंबसं बसलं.

सोहळा झकास झाला. टॉवेल-टोपीचे एकोणतीस सत्कार झाले. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, आणि भिकुबाई माझ्याजवळ आल्या. "भाऊ, माले वाचता येत नही. बठ्ठं वाची दाखाडा."

मी पहिल्या नावापासून सगळं वाचू लागलो. प्रत्येक नावाला त्या मान डोलवत आणि पुढच्याची वाट पाहत. मगनच्या नावाला "चांगला पोऱ्या शे" म्हणाल्या. व्याह्यांचं नाव आलं, गेलं. तळाची ओळही वाचून झाली.

"संपलं, अक्का."

"आनि तेस्नं?"

मी तळाची ओळ पुन्हा एकदा वाचली. मला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिकुबाईंनी दगडावर हात ठेवला. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिलाल उखर्डू पाटील."

बायका चपापल्या. माइकवाल्यानं उगाच माइक बंद केला. भिकुबाई बादली उचलून कडुलिंबांना पाणी घालायला गेल्या.

तातडीच्या बैठकीत नाव कोरायचं ठरलं. पुढे जागा नव्हती, आणि त्रेचाळीसांतलं एखादं नाव गाळावं या सूचनेला अनुमोदक मिळाला नाही. म्हणून ते दगडाच्या पाठीमागे कोरलं. तिथे फक्त कडुलिंब आहेत.

आता तुम्ही आम्हाला हसत असाल. खुशाल हसा. फक्त एवढं सांगा, 'फौजी आबा, फौजी आबा' करत तुम्ही इथवर आलात, तुम्ही तरी त्यांचं नाव कुठे विचारलंत?