सोंगावर हरकत

पुठ्ठ्याच्या खोक्यातला नवा कूलर.

नवापूरला राहणारी एक चुलतबहीण, जिला बसमध्ये उलटी होते.

मिरचीचा ढीग, आणि देठ खुडता खुडता शिंकणाऱ्या बायका.

खात्या रिक्षावाल्याची मिशी, जी तो वर्षातून एकदाच काढतो.

महिन्याभराची एक पोर. नाव नाही.

गोकुळला यातला फक्त कूलर पाहिजे होता. मार्च लागला की नंदुरबारचं ऊन पत्र्यातून थेट घरात उतरतं, आणि त्याची पोर दुपारभर रडायची. वस्तीच्या मंडळानं यंदा होळीला बाईच्या उत्तम सोंगासाठी कूलर ठेवला होता. पुरुषांनी घागरा नेसून नाचायचं ही जुनीच रीत. कूलर तेवढा नवीन. गोकुळ मंडळात गेला आणि नाव सांगून आला. दलसिंग.

या नावाला त्याच्या पाठच्या सोनमनं सहा वर्षं ओ दिली नव्हती. ती जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून घरानं गूळ वाटला होता, आणि गोकुळ अजून त्या गुळावरच थांबला होता. सोनम शेजारच्या खोलीत आईजवळ राहायची, बायकांबरोबर मिरची वाळवायच्या पथारीवर मजुरीला जायची, संध्याकाळी घागऱ्यावरची भुकटी झटकून भाकरी थापायची. गोकुळ तिच्याशी आईमार्फत बोलायचा. आई, म्हणजे तापीबाई, निरोप इकडून तिकडे पोचवायची आणि वाटेत त्यातल्या शिव्या काढून टाकायची.

पोर झाल्यापासून सोनमच्या मनात एकच गोष्ट होती. मुलीचं नाव फुईनं ठेवायचं असतं. फुई म्हणजे बापाची बहीण. गोकुळला दुसरी बहीण नव्हती. म्हणून त्यानं नवापूरच्या चुलतबहिणीला सांगावा धाडला होता. सोनमनं मात्र एक नाव शोधून ठेवलं होतं. देठ खुडताना ती ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघायची, आणि शेजारणीला वाटायचं, हिला ठसका लागला.

होळीच्या दुपारी गोकुळ स्वतः तिच्या दारात आला. आईशिवाय.

"तू ते रोजज सोंग लेस," तो म्हणाला. "एक दिन घरना काम येऊ दे."

ती नाचायला हो म्हणाली. एक तर पोरीला ऊन लागत होतं. आणि सहा वर्षांत भावानं तिच्याकडे काहीतरी मागितलं होतं. ते काय मागितलं याकडे तिनं फार निरखून पाहिलं नाही.

रात्री होळी पेटल्यावर ती नाचली. ढोलवाल्यांनी हात थांबवेपर्यंत नाचली. मंडळाचे प्रमुख सुरुपसिंगदादा यांनी माइक हातात घेऊन पहिला नंबर दलसिंगचा म्हणून जाहीर केला, गोकुळनं खोक्यावर हात ठेवला, आणि गर्दीतून खात्या पुढे आला. खात्या रिक्षावाला. दरवर्षीचा विजेता. मिशी काढलेला ओठ त्याला बोलताना सारखा खुपत होता.

"मन्ही हरकत शे, दादा. सोंग माणुसनी लेवानं ऱ्हास. हाई ते बाईज शे. बाईनी बाईनं सोंग लिधं, त्यामा काय कला?"

 मग गोकुळ उसळला. हा माझा सख्खा भाऊ आहे, आम्ही एका नदीत उघडे पोहलो आहोत, शाळेत नाव दलसिंग आहे, असं त्यानं सांगितलं. शाळेत माझंही नाव वेगळंच आहे, असं खात्या म्हणाला, आणि लोक हसले. तिथून गोकुळचं घसरायला लागलं.

पथारीवरची मुकादम अनुसयाबाई उठली. हीच बाई पहिल्या वर्षी सोनमला बायकांच्या रांगेतून उठवून हमालांकडे पाठवत होती. "मन्हा हाजरीमा ती बायासमा बठस," ती म्हणाली. "माणूस ऱ्हाता ते गोणी नही उचलता का?" बायकांची कमी मजुरी कोणता पुरुष आपण होऊन घेईल, असं तिनं विचारलं. मग नळावरच्या बायका उठल्या. ती आमच्याच रांगेत भांडते, म्हणाल्या. ज्यांनी तिला खोली भाड्यानं दिली नव्हती ते म्हणाले, एकटी बाई म्हणूनच नाही दिली. आणि जी पोरं रोज तिच्या मागून टाळ्या वाजवत जायची, त्यांनी होळीच्या राखेला हात लावून सांगितलं की ही पहिल्यापासून बाईच आहे.

एका कूलरपायी अख्खी वस्ती तिच्या बाजूनं बोलत होती, आणि विरुद्ध बोलणारा एकटा तिचा भाऊ होता. तापीबाई गर्दीच्या कडेला पदर तोंडात धरून बसली होती. तिला कोणी विचारलं नाही; तिला ऐकू कमी येतं असं सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी सुरुपसिंगदादांच्या लक्षात आलं की सोनमलाही कोणी विचारलेलं नाही.

"तू सांग, सोंग लिधं का नही?"

सोनमनं खोक्याकडे पाहिलं. गोकुळच्या बायकोच्या, रंजनावहिनीच्या मांडीवर पोर घामेजून झोपली होती.

"लिधं व्हतं," ती म्हणाली. "दलसिंगनं. अठरा वरीस. तव्हय कोणीज बक्षीस दिधं नही."

ढोलवाला हसला आणि मग थांबला. दादांनी माइक दोनदा फुंकून निकाल दिला: सोनम बाई आहे, म्हणून बाद. कूलर खात्याचा.

गोकुळ आठवडाभर आईमार्फतही बोलला नाही. बारशाच्या रविवारी नवापूरची चुलतबहीण बसमधून उतरली, रस्त्यावरच्या लिंबाखाली वाकली, आणि घरी पोचली तेव्हा दारात खात्याची रिक्षा उभी होती. खात्या सोनमला शेजारच्या खोलीतून इथपर्यंत रिक्षानं घेऊन आला होता. अंतर सात-आठ पावलांचं. पण त्याला धोका पत्करायचा नव्हता.

"सगी फुई घरमा शे, अन् नवापूरहून कसाले?" तो म्हणाला. दुसरी फुई बसली तर दादांचा निकाल खोटा, आणि निकाल खोटा तर कूलर परत, एवढं त्याला लख्ख कळत होतं. दादाही आले होते. माइकवर दिलेला निकाल बारशाला बदलणार असेल तर माइक कशाला, असं ते शांतपणे म्हणाले.

गोकुळनं एकदा खात्याकडे पाहिलं. ही फुई नाही, एवढं बोलला असता तर कूलर त्याचा होता. पाळण्यात पोर कुरकुरत होती. रंजना म्हणाली, चुलतबहिणीला आधी लिंबूपाणी द्या. सोनम दाराबाहेर उभी होती, आणि आत जायला सांगितल्याशिवाय जायचं नाही हे तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"फुईले वाट द्या," गोकुळ म्हणाला. तो हे सोनमकडे न पाहता म्हणाला, पण मोठ्यानं म्हणाला.

बायका सरकल्या. सोनम पाळण्यावर वाकली आणि पोरीच्या कानात नाव सांगितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. रिना.

सोंगावर हरकत घेता येते, हे खात्याला तापीबाईनं होळीच्या आदल्या दिवशी नळावर सांगितलं होतं.