चुडामणभाऊंच्या पोटातली बिऱ्हाडं

चुडामणभाऊंच्या घरात शब्द चालतो तो फक्त चुडामणभाऊंचा! धुळ्याच्या देवपुरात कोणालाही विचारा. कोणालाही म्हणजे, चुडामणभाऊंना विचारा. तीस वर्षं धुळे-शिरपूर गाडीवर कंडक्टरकी केलेला माणूस! त्यांनी घंटी मारल्याशिवाय गाडी हलवायची ड्रायव्हरची हिंमत नव्हती, तिथे बायकोचं काय घेऊन बसलात!

पण नऊ महिन्यांपूर्वी भाऊंच्या छातीत स्टेंट बसला. डॉक्टर हितेंद्रांनी सुनंदाबाईंना समोर बसवून समजावलं, "काकू, माणसाच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. मटण-अंडी जास्त झाली की त्यातले काही जिवाणू भलतंच रसायन बनवायला लागतात आणि त्याचा त्रास हृदयाच्या नळ्यांना होऊ शकतो. डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी दिली की चांगले जिवाणू वाढतात. तेवढं त्यांना सांभाळा."

झालं! सुनंदाबाईंनी त्यांना सांभाळायला घेतलं.

"आज त्यास्ले दुधी करेल शे," ताट वाढताना त्या म्हणाल्या.

"आज रविवार शे! मटन?"

"त्यास्ले चालत नई!"

"आन माले?"

"तुमना काय संबंध?"

"अवं, पोट मन्हं शे!"

"शे. पन तठे ऱ्हातस त्या!"

भाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. कोट्यवधी प्रवासी, एकाकडे तिकीट नाही, आणि वर त्यांच्या आवडीनिवडी! पस्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं 'तुम्हाला काय करू?' असं एकदा विचारलं नव्हतं. यांच्यासाठी मात्र रोज सकाळी ताजं ताक, मोड आलेले मूग, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी!

त्यात संध्याकाळी जळगावहून लेकीचा, मोनालीचा फोन आला. सुनंदाबाई उत्साहानं पोटातल्या सगळ्यांची खुशाली सांगू लागल्या, "बठ्ठा मजामां शेतस! कालदिन मुगनी उसळ भलती आवडनी त्यास्ले!"

"आणि पप्पा?"

"त्या? त्याबी शेतस."

त्याबी! भाऊंनी तिथल्या तिथे शपथ घेतली. ह्या उपऱ्यांना सरळ करायचं! दुसऱ्या दिवशी फिरायला जातो म्हणून ते निघाले ते थेट हायवेवर, भिकनच्या हॉटेलात.

"भिकन, मटन आन! रस्सा डबल!"

"भाऊ, तुमले ते डॉक्टरनी..."

"मी इचारं का तुले? आन!"

काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री! प्रत्येक घासाला भाऊ पोटाकडे बघून दात-ओठ खात म्हणत होते, "घ्या! खा उसळ!" चार वाट्या रस्सा गेला. पाचव्या वाटीला छातीत असा जाळ उठला की भाऊ बाकावर आडवेच झाले. भिकननं रिक्षा बोलावली. रिक्षावाल्यानं ओळखीच्या दोघांना फोन केले, त्या दोघांनी आणखी चौघांना. भाऊ दवाखान्यात पोहोचेपर्यंत देवपुरात भाऊ गेले होते! शेजारी येऊन चपला काढून ओट्यावर गप्प बसलेसुद्धा. मोनाली जळगावहून रडत बसमध्ये बसली.

इकडे डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. "हृदय ठीक आहे. जळजळ आहे नुसती. काय खाल्लं होतं?"

भाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेवढ्यात सुनंदाबाई धावत आल्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात शेजारणीची! डोळ्यांतून धारा लागलेल्या. भाऊंना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की छातीतली जळजळसुद्धा थांबली. आली! आपल्यासाठी रडत आली!

सुनंदाबाईंनी डॉक्टरांचा हात धरला. "डॉक्टरसाहेब, त्या पोटमधला बठ्ठा वाचनात ना?"

भाऊ ताडकन उठून बसले. "सुनंदे! आज खरं काय ते सांग! तुले काळजी कोनी? त्यास्नी का मन्ही?"

सुनंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि विचार केला. बराच वेळ केला!

"सहा महिनापासून जे वाढस ते त्या मुकाट्यानी खातस," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्हीबी तसंच खा. मंग इचार करसू."

दुसऱ्या दिवसापासून चुडामणभाऊ दुधी मुकाट्यानं खाऊ लागले. त्याला आता तीन महिने झाले. सुनंदाबाईंचा विचार अजून चालू आहे.