पसंती

त्या रविवारी लाल इटालियन आणि चंदेरी जर्मन अशा दोन जुन्या स्पोर्ट्स गाड्या डॉ. विद्याधर खांबेट्यांना बघायला मिरजेला आल्या. संग्राहकाने गाडी निवडायची पद्धत केव्हाच बंद झाली होती. आता गाड्याच माणसं बघत आणि जिला माणूस पसंत पडेल ती राहत असे.

खांबेटे डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर. बायको गेल्यापासून घरात बोलायचं कारणच उरलं नव्हतं. त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, शेड स्वतः झाडली होती. या दोघींचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता. इटालियनचं इंजिन पुढे, बारा सिलिंडरचं, तापट; आवाज असा की रस्त्यावरच्या माणसाने वळून बघावं. जर्मनचं इंजिन मागे, सहा सिलिंडरचं, वाऱ्यावर थंड होणारं. दिसायला साधी, पण पहिल्या चावीला सुरू होणारी. सरस कोणती, यावर ते तासभर बोलले असते. पण ते त्यांना कोणी विचारलं नाही.

मध्यस्थ हेमलता रेगे अंगणात खुर्ची ओढून बसल्या. "विचारा काय ते," त्या गाड्यांना म्हणाल्या.

"घरी कोण कोण असतं?" इटालियनने विचारलं.

"मुलगी येते ना, शनिवार-रविवारी," डॉक्टर म्हणाले. मुलगी कॅनडात होती.

"बरं झालं. मला ऐकणारी माणसं लागतात. एकट्यासाठी माझा आवाज फुटत नाही."

"नातवंडंही येतात."

"डॉक्टर, फाटकाची कडी गंजून बसलीय," जर्मन म्हणाली. "मघाशी रेगेबाईंना दगडाने ठोकावी लागली."

डॉक्टर कडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोणी येत नाही. फोन येतो. तिकडे सकाळ झाली की."

गाड्या चिकूच्या झाडामागे विचार करायला गेल्या.

"मनाला लावून घेऊ नका," रेगेबाई म्हणाल्या. "परवा साताऱ्यात एकाला तिघींनी नाकारलं. चांगला भरल्या घरातला होता."

परत आल्यावर इटालियन म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण इथे राहिले तर मी मुकी होईन." आणि ती निघाली. खिडक्यांची तावदानं थरथरली. तो आवाज पार पुसून जाईपर्यंत डॉक्टर ऐकत उभे होते.

"आणि तुम्ही?" त्यांनी जर्मनला विचारलं.

"राहते. मला शांतता चालते. थापा मात्र नकोत."

"नाही मारणार."

रेगेबाई रिक्षाने गेल्या. डॉक्टर गुडघे सांभाळत आत बसले. सीट फारच खाली होती. त्यांनी चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली.

"कुणाकडे जायचंय?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी आठवून बघितलं. जुना कंपाउंडर वारला होता. इचलकरंजीची मेहुणी आता ओळखत नव्हती.

"तसं कुणी नाही," ते म्हणाले.

"बरं," म्हणत ती सांगलीच्या रस्त्याला लागली. डॉक्टरांनी काच खाली केली.