नानांना ‘बरोबर’ म्हणू नये

नाना मेहेंदळ्यांना कधी ‘बरोबर आहे’ म्हणू नये. म्हटलं की माणूस बिघडायचा.

पौषातली संध्याकाळ. नानांच्या डोक्याला माकडटोपी, वरून मफलर, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढलेले. मी सहज म्हणायचो, "नाना, आज गारठा आहे."

"मी सहमत नाही," टोपीच्या आतून आवाज यायचा. "गारठा नाही, हवा कोरडी आहे."

"बरं, कोरडी आहे."

"कोरडी कुठली हो? दात वाजतायत इथे!"

नानांना स्वतःचं असं मत नव्हतंच. समोरच्याचं जे असेल त्याच्या उलटं, ते त्यांचं. आणि समोरचा तिकडे सरकला की हे इकडे. नाना आता नाहीत. असते तर हेसुद्धा त्यांनी खोडून काढलं असतं.

माझं सायकलचं दुकान कॉलेजच्या मैदानाच्या भिंतीला लागून होतं. मी चौथी शिकलेला माणूस, पण माझ्या दुकानात मी म्हणेन ते. गिऱ्हाइकाने शहाणपणा केला तर त्याची सायकल उचलून रस्त्यावर उभी करायचो आणि पुढचं काम हातात घ्यायचो. त्या काळी सगळं पुणं सायकलवर होतं, त्यामुळे हा माज परवडत असे. एक दिवस कालव्याच्या ऑफिसातला नवा कारकून पंक्चर घेऊन आला. पायजमा क्लिपने बांधलेला, नाक वर. मी ट्यूब पाण्यात धरली आणि म्हणालो, "दोन आहेत."

"मी सहमत नाही. एकच असणार."

"बुडबुडे बघा की."

"बुडबुडे दोन म्हणून भोकं दोन, असं कुठाय?"

मी म्हटलं, "ठीक आहे. एकच आहे. एकच काढतो."

तो लगेच खाली वाकला. "असं कसं? नीट बघा. दोनसुद्धा असतील."

मी सायकल बाहेर काढायला उठलो होतो, पण मला हसू आलं आणि तिथेच घात झाला. त्यानंतर नाना रोज संध्याकाळी यायला लागले, पंक्चर असो नसो. मी ‘नाना’ म्हणायचो, ते ‘अहो शिवराम’. पन्नासएक वर्षं आम्ही एकमेकांना कधी अरे-तुरे केलं नाही, आणि बहुतेक कधी एकमताने उठलोही नाही.

मैदानाची भिंत कमरेएवढी. तिच्यावर बसलं की आख्खं मैदान दिसायचं. पुण्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी क्रिकेट. फुटबॉल खेळायची ती कॅम्पातली आणि खडकीची पोरं. पण जानेवारीत आमच्या कॉलेजची नदीपलीकडच्या कॉलेजशी फायनल असायची, तेव्हा भिंतीवर जागा मिळायची नाही. माझ्या दुकानापुढे सायकलींची रांग रस्त्यापर्यंत जायची. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, धुरळा, आणि गोल झाला की होस्टेलच्या गच्चीवर वाजणारी पातेली. मेसवाला नंतर ती पोचे आलेली पातेली पोरांना दाखवून रडायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तीच पातेली, तेच रडणं.

नाना स्वतः जन्मात एकदाच चेंडूला पाय लावायला गेले. चेंडू तिथेच राहिला आणि चप्पल गोलात गेली. "गोल धरायला हवा होता," असं त्यांचं अखेरपर्यंत म्हणणं होतं. पण बघायला रोज हजर. जो संघ हरत असेल तो नानांचा. त्याने बरोबरी केली की नाना अस्वस्थ. त्याने आघाडी घेतली की नाना पलीकडच्या कॉलेजात.

तिसरे आमचे फर्नांडिस सर. कॉलेजचे खेळाचे सर, कॅम्पातले, उंचेपुरे, गळ्यात शिट्टी. मराठी बोलायचे ते कॅम्पातलं. एकदा भर सामन्यात नाना भिंतीवरून ओरडले, "ऑफसाइड नव्हता!" ऑफसाइड म्हणजे काय ते नानांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण म्हणून ते थांबले नाहीत. सर खेळ थांबवून भिंतीपाशी आले. "काय बाबा? नव्हता ऑफसाइड? ओके. नव्हता."

"मग शिट्टी कशाला वाजवलीत?" नाना म्हणाले. "होताच तो!"

सर शिट्टी वाजवत परत गेले. सामना संपल्यावर आपणहून भिंतीवर येऊन बसले. त्या दिवसापासून आम्ही तिघे.

सगळं मागे पडलं. सायकली गेल्या, माझ्या मुलाने दुकानात मोबाइल मांडले. नाना रिटायर झाले, सर रिटायर झाले. भिंत तेवढी राहिली. मग कोरोना आला आणि भिंतही गेली. मैदानाला कुलूप, कोपऱ्यावर पोलीस. म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडायचं नाही.

माझ्या मुलाने तिघांचे फोन एकत्र जोडून द्यायला सुरुवात केली. रोज चहानंतर. पण बोलणार काय? सुरुवातीला आज कोणाला ॲडमिट केलं, कोण गेलं, तेच. सर एक नाव सांगायचे, मी एक सांगायचो. अशा गोष्टीवर नानांनाही विरुद्ध बोलता येईना. ‘मी सहमत नाही’ ऐकूच येईना. दहा मिनिटांत फोन संपायचा.

थंडीच्या तोंडाला थोडी सूट मिळाली आणि सरांनी एक दिवस बातमी आणली. कॉलेजने त्यांना, जुने म्हणून, कमिटीवर घेतलं होतं. जानेवारीची फायनल खेळवायची की नाही, यावर त्यांचं मत हवं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"खेळवायची!" नाना म्हणाले. कित्येक महिन्यांनी आवाजात दम आला होता.

मी एकदा बोललो की बोललो. म्हटलं, "नाना, पोरांना काही होत नाही हो. पोरं खेळतात आणि घरी जातात. घरी मी असतो."

"अहो, मार्केट यार्डात माणसं खांद्याला खांदा लावून कांदे उचलतायत. ते चालतं? फुटबॉल तरी उघड्या मैदानावर आहे."

"कांदा खावा लागतो. फुटबॉल नाही खाल्ला तरी चालतं."

"तुम्हाला चालतं! शेवटच्या वर्षाची पोरं आहेत ती. त्यांची फायनल पुढच्या वर्षी कोण खेळणार, तुम्ही?"

सर म्हणाले, "नाना, फ्री किकला भिंत लावतात ना, पाच पोरं चिकटून? त्याचं काय?"

"सहा-सहा फुटांवर उभी करा."

"ती भिंत नाही झाली, नाना," मी म्हटलं. "ते कुंपण झालं."

"आणि गोल मारला की पोरं अंगावर पडतात," सर म्हणाले.

"नमस्कार करतील. पुण्यातली पोरं आहेत, संस्कार आहेत."

त्या दिवशी फोन एक तास चालला. दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच नानांचा फोन आला. चेंडू सॅनिटायझरने पुसायचा की साबणाने, हे त्यांना ठरवायचं होतं.

असे कितीतरी दिवस गेले. पुढे आम्ही भिंतीवरही जाऊन बसलो, मधे एकेक माणसाची जागा सोडून. नाना बोलताना मास्क हनुवटीवर घ्यायचे, मी ओरडायचो, "नाक आत!" तेवढ्यापुरतं नाक आत जायचं.

सर मात्र खरंच पेचात होते. रोज दोनतीन पोरं त्यांच्या फाटकाशी उभी राहायची. "सर, खेळणार ना?" पोरांचं ते शेवटचं वर्ष, आणि दुसरीकडे सरांच्याच गल्लीत रुग्णवाहिका येऊन जायची. सोमवारी कमिटीत काय ते सांगायचं होतं.

शुक्रवारी ते भिंतीवर येऊन म्हणाले, "नाना, मी पक्का विचार केला. तुमचं बरोबर आहे. खेळवूया."

मी कपाळाला हात लावला. खेळवूया म्हणाले म्हणून नव्हे. ‘बरोबर आहे’ म्हणाले म्हणून.

नाना ताठ झाले. "वेड लागलंय का सर तुम्हाला? अशा दिवसांत? एखाद्या पोराची आई गेली तर कप तिच्या फोटोपुढे ठेवायचा का?"

"पण तुम्हीच..."

"मी सहमत नाही!"

शनिवारी सर म्हणाले, रात्रभर झोप नाही, नाना खरं बोलले, रद्द करूया. नाना म्हणाले, "असं कसं रद्द? त्या पोरांचं एकच वर्ष आहे हो!"

सर उठून उभे राहिले. त्यांना रागावलेलं मी मैदानावरही क्वचित पाहिलं होतं. "नाना, तुम्हाला मजा वाटते. मला परवा पोरांच्या तोंडाकडे बघून बोलायचं आहे. बास झालं."

नाना मफलर नीट करत बसले.

सोमवारी फायनल रद्द झाली. सरांनीच पोरांना सांगितलं. एक पोरगा रडला म्हणे. सरांनी फोनवर मला एवढंच सांगितलं आणि म्हणाले, "चलो, विषय संपला." खरंच संपला. दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला फोन लावला नाही. भिंतीवर मी गेलो तर एकटाच. असे चारपाच दिवस गेले. मग मीच नानांच्या घरी निघालो. खरं सांगायचं तर जिंकल्याचं सांगायला. मी पहिल्या दिवसापासून ‘नाही’ म्हणत होतो आणि ‘नाही’च झालं होतं.

नाना बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसले होते. सूनबाई, स्मिता, हिंजवडीच्या कंपनीत कामाला, पण आता ऑफिस घरातच. कानात ते यंत्र घालूनच तिने आम्हाला चहा आणून दिला. चांगली पोर.

नानांनी घोट घेतला. "स्मिता, साखर कमी आहे."

"हो नाना, कमी झाली असेल."

"नाही, जास्तच आहे जरा."

"हो नाना, जास्त पडली," ती हसून म्हणाली आणि आत गेली. आत तिचं इंग्रजी सुरू झालं.

नाना कपाकडे बघत म्हणाले, "भली माणसं आहेत, शिवराम. मुलगा तसाच. दिवसभर ‘हो नाना, बरोबर नाना’. मग उठून जातात. बरोबर म्हटल्यावर बसायचं कशाला, नाही का?"

मी फुंकर मारून चहाचा घोट घेतला.

"ही होती तेव्हा असं नव्हतं," नाना म्हणाले. वहिनींना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. "मी आतून काही बोललो की पोळी तव्यावर टाकून बाहेर यायची, लाटणं हातात. पोळी करपायची. करपली कोणामुळे, यावर मग जेवण होईपर्यंत. कधी ऐकलं नाही हो तिने माझं. एकदाही नाही."

"वहिनी तुम्हाला पुरून उरायच्या."

"शेवटी दवाखान्यातून घरी आणलं होतं ना. ती म्हणाली, पंखा बंद करा. मी म्हटलं, असू दे, उकडतंय." नानांनी कपाची कड पुसली. "तर ‘बरं’ म्हणाली."

आतलं इंग्रजी चालूच होतं.

"तेव्हाच मला कळलं," नाना म्हणाले. "मी उठून पंखा बंद केला. तरी म्हणाली, बरं."

मीही कपाकडेच बघत राहिलो. थोड्या वेळाने नानांनी मान हलवली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ते फुटबॉलचं तुमचं बरोबर होतं, शिवराम. रद्द केली ते चांगलं झालं. सरांना उगाच त्रास दिला मी."

इतक्या वर्षांत ‘तुमचं बरोबर’ मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. जिंकलो होतो. हेच ऐकायला तर आलो होतो.

पण मी कप खाली ठेवला. म्हटलं, "काय बरोबर होतं? काही बरोबर नव्हतं. खेळवायला हवी होती फायनल."

नानांनी वर पाहिलं. "काय म्हणता?"

"खेळवायला हवी होती. फ्री किकच्या भिंतीत सहा-सहा फूट सोडून. काय बिघडत होतं?"

"अहो, तुम्हीच म्हणालात, ती भिंत नाही, कुंपण!"

"म्हणालो असेन. कुंपणातूनही गोल वाचतो."

"कुंपणातून वाचतो?" नाना खुर्चीच्या कडेला सरकले. "तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं हो? जन्म गेला पंक्चर काढण्यात! आणि पोरांची आई आजारी पडली तर? तुम्ही जाणार डबा घेऊन?"

"जाईन की."

"मी सहमत नाही! तुम्ही कसले जाताय?"

आवाज एवढा चढला की स्मिता कानातलं यंत्र काढून दाराशी आली. "नाना, काय झालं? काका, पाणी देऊ का?"

"तू थांब गं," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हा माणूस काय म्हणतोय ऐक जरा."

मी दिवाणावर पाय वर घेतले आणि नीट मांडी घालून बसलो.